मूळ संख्या : एका संज्ञेचा अर्थ आणि उगम

महाविद्यालयाच्या प्रथम वर्षातील विद्यार्थ्यांना मूळ संख्येची व्याख्या विचारली, तर बहुतेक जण ती बिनचूक सांगतात. जिला १ आणि ती संख्या स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. अडचण पुढच्या प्रश्नांना येते. या संख्येला ‘मूळ’ का म्हणायचे? इंग्रजीत तिला ‘प्राइम’, म्हणजे ‘पहिली’, का म्हणतात? आणि १ या संख्येला १ नेच भाग जातो, मग ती मूळ संख्या का नाही? ‘१ ही मूळही नाही आणि संयुक्तही नाही’ एवढे सांगून पाठ्यपुस्तक पुढे जाते. विद्यार्थी ते वाक्य पाठ करतो, पण त्यामागचे कारण त्याच्या हाती लागत नाही.

आपल्या भागातील महाविद्यालयांत या अडचणीला आणखी एक पदर असतो. एकाच वर्गात वेगवेगळ्या माध्यमांतून आलेली मुले बसतात. मराठी शाळेतला विद्यार्थी ‘मूळ संख्या’ म्हणतो. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदी माध्यमात ‘अभाज्य संख्या’ हा शब्द आहे. वडोदऱ्याची गुजराती आणि बेळगावची कन्नड या दोन्ही भाषा ‘अविभाज्य’ हा शब्द वापरतात. हैदराबादेत तेलुगू माध्यमाचा विद्यार्थी ‘प्रधान संख्या’ म्हणतो, तर उर्दू माध्यमाचा विद्यार्थी ‘मुफरद अदद’. संख्या तीच, पण नावे पाच. ही नावे एकमेकांची भाषांतरे नाहीत. ‘अभाज्य’ म्हणजे न भागली जाणारी, ‘प्रधान’ म्हणजे मुख्य, ‘मुफरद’ म्हणजे एकेरी किंवा सुटी, आणि ‘मूळ’ म्हणजे जिच्यापासून इतर निघतात ती. प्रत्येक नाव त्या संख्येकडे वेगळ्या बाजूने पाहते.

या सर्व नावांमागे जुनी संज्ञा एकच आहे, ग्रीक भाषेतील ‘पहिली संख्या’. ती कशी घडली, अरबी व लॅटिनमध्ये कशी गेली आणि वाटेत तिच्या अर्थाचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हा इतिहास माहीत असेल तर वरील तिन्ही प्रश्नांची उत्तरे व्याख्येच्या पोटातच सापडतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

ग्रीक कल्पना : मापणे आणि घडणे

युक्लिडचा ‘एलिमेंट्स’ हा ग्रंथ इ. स. पूर्व ३०० च्या सुमाराचा. त्याच्या तेरा भागांपैकी सातवा, आठवा व नववा हे भाग संख्यांविषयी आहेत. सातव्या भागाच्या आरंभी ज्या व्याख्या येतात, त्यांचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रथम एकक म्हणजे काय हे येते. त्यानंतर संख्या म्हणजे एककांचा समूह असे सांगितले जाते. पुढे मूळ संख्येची व्याख्या येते : जिला केवळ एककच मापते ती. जिला एखादी संख्या मापते ती संयुक्त.

येथे ‘भागणे’ हा शब्द नाही, ‘मापणे’ हा आहे. तीन हाताची काठी बारा हात लांबीवर चार वेळा ठेवली की लांबी बरोबर संपते, म्हणून ३ ही संख्या १२ ला मापते. सात हात लांबी दोन किंवा तीन हाताच्या काठीने बरोबर मोजून संपत नाही. ती फक्त एक हाताच्या काठीनेच मोजता येते. ‘७ ला २ ने भागले तर साडेतीन येतात, मग भाग जात नाही असे कसे?’ ही शंका मापण्याच्या भाषेत उद्भवत नाही, कारण मापताना पूर्ण पटच मोजली जाते.

दुसरी गोष्ट अशी की या मांडणीत एकक ही संख्याच नाही. संख्या म्हणजे एककांचा समूह, आणि समूहाला निदान दोन तरी हवेत. काठी वेगळी आणि तिने मोजलेली लांबी वेगळी, तसे एकक वेगळे आणि संख्या वेगळी. त्यामुळे युक्लिडच्या वाचकाला ‘१ मूळ आहे का?’ असा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. युक्लिडच्या आधी ॲरिस्टॉटलने तीन या संख्येचे वर्णन करताना ती दोन्ही अर्थांनी ‘पहिली’ आहे असे म्हटले आहे. तिला कोणतीही संख्या मापत नाही, आणि ती संख्यांच्या बेरजेतूनही झालेली नाही. ३ म्हणजे २ आणि १, परंतु १ ही संख्या नसल्यामुळे ही संख्यांची बेरीज ठरत नाही. ‘पहिली’ या शब्दाचा अर्थ तेव्हा अजून पूर्ण बंदिस्त झालेला नव्हता, हे यावरून दिसते.

या संख्यांना ग्रीक भाषेत आणखी एक नाव होते. थिमारिदास या पायथागोरसपंथीय गणितज्ञाने त्यांना ‘सरळरेषीय’ म्हटल्याची नोंद मिळते. बारा चिंचोके घेतले तर ते तीन ओळींत चार-चार किंवा दोन ओळींत सहा-सहा असे आयताकृती मांडता येतात. सात चिंचोके मात्र एका सरळ ओळीतच मांडावे लागतात. हे नाव टिकले नाही, पण वर्गात ही कल्पना दाखवण्यास यापेक्षा सोपे साधन नाही.

‘पहिली’ का, याचे सविस्तर उत्तर गेरासा (आजच्या जॉर्डनमधील जेराश) येथील निकोमाकसच्या अंकगणितात मिळते. त्याचा काळ इ. स. १०० च्या आसपासचा. त्याने संख्यांच्या ‘पहिल्या व असंयुक्त’ आणि ‘दुसऱ्या व संयुक्त’ अशा जाती केल्या. त्याने दिलेली कारणे थोडक्यात अशी : या संख्यांना मापणारे केवळ एकक, आणि एकक हे सर्वांच्या आधीचे. त्या दुसऱ्या कोणत्याही संख्येपासून झालेल्या नाहीत. उलट त्यांच्या गुणाकारातून दुसऱ्या संख्या होतात, जणू झऱ्यातून पाणी किंवा मुळातून झाड. ज्यातून इतर घडतात ते आधीचे, आणि जे आधीचे ते ‘पहिले’. संयुक्त संख्या त्यांच्यापासून होतात म्हणून त्या ‘दुसऱ्या’.

म्हणजे येथील ‘पहिली’ हा शब्द रांगेतला क्रमांक सांगत नाही, आणि मोठेपणाही सांगत नाही. तो उत्पत्तीचा क्रम सांगतो. ‘प्राइम मिनिस्टर’मधील ‘प्राइम’ आणि ‘प्राइम नंबर’मधील ‘प्राइम’ यांचे मूळ एक असले, तरी त्यांचा रोख वेगळा आहे. निकोमाकसच्या मांडणीत एक उणीवही आहे. त्याने ही वर्गवारी केवळ विषम संख्यांपुरती केली, त्यामुळे २ ही संख्या त्याच्या यादीत बसत नाही. युक्लिडच्या व्याख्येत ती बसते, आणि समसंख्यांत २ ही एकच अशी आहे हे ॲरिस्टॉटलनेही नोंदवले होते. एराटोस्थेनिसची प्रसिद्ध चाळणी आपल्याला निकोमाकसच्या याच ग्रंथातून ज्ञात आहे, आणि तीही ३ पासून पुढील विषम संख्यांचीच आहे.

बगदाद : अल्-अदद अल्-अव्वल

इ. स. च्या नवव्या शतकात हे दोन्ही ग्रंथ अरबीत आले. ‘एलिमेंट्स’चे भाषांतर अल्-हज्जाज इब्न यूसुफ इब्न मतर यांनी खलिफा हारून अल्-रशीद यांच्या काळात केले आणि पुढे खलिफा अल्-मामून यांच्यासाठी ते पुन्हा सिद्ध केले. त्यानंतर इसहाक इब्न हुनैन यांनी नवे भाषांतर केले. ते साबित इब्न कुर्रा (८३६–९०१) यांनी तपासून सुधारले. निकोमाकसचे अंकगणितही साबित यांनीच अरबीत आणले. साबित हे हर्रानचे, साबी पंथाचे. त्यांचे आयुष्यभराचे काम बगदादमध्ये झाले. विद्येच्या या उभारणीत निरनिराळ्या धर्मांचे लोक एकत्र राबत होते, हेही यानिमित्ताने स्मरणात ठेवावे.

या भाषांतरांत ग्रीक ‘पहिली संख्या’ ही ‘अल्-अदद अल्-अव्वल’ झाली आणि संयुक्त संख्येला ‘मुरक्कब’ हा शब्द आला. दोन्ही शब्द अर्थानुसारी आहेत. ग्रीक शब्द आहे तसा उचलून अरबी लिपीत लिहिलेला नाही. त्याचा अर्थ पाहून घरचा शब्द योजला आहे. फारसीत आजही ‘अदद-ए-अव्वल’ हीच संज्ञा चालते.

परंतु संज्ञा नुसती भाषांतरित होऊन पडून राहिली असती, तर तिचे महत्त्व कोशापुरतेच राहिले असते. अरबी गणितज्ञांनी ती कामाला लावली. साबित यांनी स्नेहसंख्यांविषयी एक नियम सिद्ध केला. दोन संख्यांपैकी प्रत्येकीच्या (ती स्वतः सोडून) विभाजकांची बेरीज दुसरीइतकी येत असेल, तर त्या स्नेहसंख्या. २२० आणि २८४ ही त्यांतील प्राचीन जोडी. साबित यांचा नियम उदाहरणाने असा सांगता येईल : २, ४, ८, १६ अशी दुपटीची श्रेणी घ्या. ४ ची तिप्पट वजा १ म्हणजे ११. त्याआधीच्या २ ची तिप्पट वजा १ म्हणजे ५. २ आणि ४ यांच्या गुणाकाराची नऊपट वजा १ म्हणजे ७१. आता ५, ११ आणि ७१ या तिन्ही ‘अव्वल’ असतील, तर ४ × ५ × ११ = २२० आणि ४ × ७१ = २८४ या स्नेहसंख्या होतात.

या नियमात ‘अव्वल असतील तर’ ही अट आहे, आणि सर्व भार तिच्यावर आहे. हीच कृती ४ व ८ घेऊन केली तर ११, २३ आणि २८७ मिळतात. २८७ ही ७ × ४१ आहे, म्हणजे मुरक्कब, आणि नियम लागू होत नाही. ८ व १६ घेतले तर २३, ४७ आणि ११५१ मिळतात. तिन्ही मूळ आहेत, आणि १७२९६ व १८४१६ ही जोडी हाती येते. कमालुद्दीन अल्-फारिसी (मृत्यू सुमारे १३२०) यांनी ही जोडी दिली आहे. युरोपात ती १६३६ मध्ये फर्मा यांनी पुन्हा शोधली. अल्-फारिसी यांनी याच विषयावरील आपल्या ग्रंथात प्रत्येक संयुक्त संख्या मर्यादित मूळ अवयवांच्या गुणाकारात मांडता येते, हे पायरीपायरीने दाखवले. निकोमाकसची झऱ्याची आणि मुळाची उपमा येथे सिद्ध केलेल्या विधानाच्या रूपात उभी राहिली.

इब्न अल्-हैसम (सुमारे ९६५–१०४०) यांचे उदाहरणही येथे देणे उचित होईल. त्यांच्यापुढील कूट असे : २, ३, ४, ५ व ६ यांपैकी कशानेही भागले असता १ उरतो आणि ७ ने मात्र पूर्ण भाग जातो, अशी संख्या कोणती? त्यांनी दिलेल्या एका उत्तराची रीत अशी की १ ते ६ चा गुणाकार करावा (७२०) आणि त्यात १ मिळवावा. ७२१ म्हणजे ७ × १०३. सातच्या जागी कोणतीही मूळ संख्या घेतली तरी असेच घडते. संयुक्त संख्या घेतली तर घडत नाही. उदाहरणार्थ ६ घेतल्यास १ ते ५ चा गुणाकार १२० आणि अधिक १ म्हणजे १२१, त्याला ६ ने भाग जात नाही. हाच गुणधर्म युरोपात १७७० मध्ये छापला गेला आणि पुढे ‘विल्सनचा सिद्धांत’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

‘असम्म’ : वेगळ्या वाटेचा शब्द

अरबी गणितात ‘अव्वल’ला लागून आणखी एक शब्द वावरतो, ‘असम्म’, म्हणजे बहिरा. या दोन शब्दांची गल्लत होऊ नये म्हणून त्याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे.

अरबी भाषेत अर्ध्यापासून दहाव्या भागापर्यंतच्या नऊ अपूर्णांकांना स्वतंत्र नावे आहेत : निस्फ, सुल्स, रुब्अ येथपासून उश्र येथपर्यंत. अकराव्या भागाला असे नाव नाही. ‘अकरांतील एक भाग’ असे लांबण लावून सांगावे लागते. म्हणून ज्या संख्येला या नऊ नामधारी अपूर्णांकांपैकी एखादा पूर्णांकात मिळतो, ती ‘मुन्तक’ म्हणजे बोलकी, आणि जिला मिळत नाही ती ‘असम्म’. बहाउद्दीन आमिली (१५४७–१६२१) यांच्या ‘खुलासतुल हिसाब’मध्ये हा भेद दिलेला आहे. तेथे वर्गमूळ असणारी संख्याही मुन्तकमध्ये धरली आहे. हा ग्रंथ भारतातील दर्स-ए-निझामीच्या अभ्यासक्रमात दीर्घकाळ होता, त्यामुळे आपल्याकडील अनेक पिढ्यांनी तो वाचला आहे.

आता हा भेद आणि मूळ-संयुक्त हा भेद समोरासमोर ठेवून पाहावेत. ११ व १३ या मूळ आहेत आणि असम्मही आहेत. ७ ही मूळ आहे, पण असम्म नाही, कारण तिचा सातवा भाग १ येतो आणि सातव्या भागाला ‘सुब्अ’ हे नाव आहे. उलट १४३ म्हणजे ११ × १३ ही संयुक्त आहे, तरीही असम्म आहे. तेव्हा ‘असम्म’ ही संख्येच्या घडणीवरून केलेली जात नाही. ती भाषेत उपलब्ध असलेल्या नावांवरून केलेली जात आहे. ‘अव्वल’ ही सिद्धांताची संज्ञा, तर ‘असम्म’ ही हिशेबाची.

तरीही व्यवहारात हे दोन शब्द जवळ आले. पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजेच फिबोनाचीने, १२०२ च्या आपल्या ‘लिबेर आबाची’ या ग्रंथात असंयुक्त संख्यांना अरब लोक ‘हसम’ म्हणतात अशी नोंद केली आहे. तो उत्तर आफ्रिकेतील बुजी येथे व्यापाऱ्यांच्या सहवासात हिशेब शिकला होता. त्याच्या कानी सिद्धांताच्या ग्रंथातला शब्द न पडता बाजारातला शब्द पडावा, हे स्वाभाविकच होते. ‘असम्म’ हाच शब्द अपरिमेय मुळांनाही लावला जाई. त्याचे लॅटिन भाषांतर ‘सुर्दुस’, म्हणजे बहिरा, असे झाले आणि इंग्रजीतील ‘सर्ड’ हा शब्द त्यातूनच आला. आपल्या विद्यार्थ्यांना करणीसाठी जो इंग्रजी शब्द पाठ करावा लागतो, त्याचा मूळ अर्थ हा असा आहे.

लॅटिन संज्ञा कोठून आली?

विद्येच्या इतिहासाविषयी लिहिताना आपल्या समाजात एक मोह होतो. युरोपातील प्रत्येक गणिती संज्ञा अरबीतून गेली असे म्हणावेसे वाटते. ‘अल्जेब्रा’, ‘अल्गोरिदम’ आणि ‘सर्ड’ यांच्याबाबतीत ते खरे आहे. ‘प्राइम नंबर’च्या बाबतीत ते तसे नाही. बोएथियस (मृत्यू सुमारे ५२४) याने निकोमाकसच्या अंकगणिताचे लॅटिन रूपांतर केले, आणि त्यात ‘नुमेरुस प्रिमुस’ ही संज्ञा आली. हे बगदादच्या भाषांतरांपूर्वी सुमारे तीन शतके घडले. तेव्हा ‘अव्वल’ आणि ‘प्रिमुस’ यांत पिता-पुत्राचे नाते नाही. ती एकाच ग्रीक आईची दोन लेकरे आहेत.

ती पुन्हा भेटली बाराव्या शतकात. बाथच्या ॲडेलार्डने आणि नंतर तोलेदो येथे क्रेमोनाच्या जेरार्डने (१११४–११८७) ‘एलिमेंट्स’चे अरबीवरून लॅटिन भाषांतर केले. बोएथियसने नाव जपले होते, पण त्याच्या पुस्तकात सिद्धता नव्हत्या. मूळ संख्या कितीही घेतल्या तरी त्यांहून अधिक असतातच, ही युक्लिडची नवव्या भागातील सिद्धता लॅटिन वाचकाला या अरबी मार्गाने मिळाली. नाव आधीच घरात होते, त्याला आशय अरबीतून मिळाला. एवढेच श्रेय आहे आणि ते पुरेसे मोठे आहे. ते वाढवून सांगण्याची गरज नाही. १४८२ मध्ये व्हेनिस येथे ‘एलिमेंट्स’ प्रथम छापले गेले तेही कांपानुसचे या अरबी-लॅटिन परंपरेतील संस्करण होते. पुढे १५७० मध्ये हेन्री बिलिंग्स्ली यांच्या इंग्रजी भाषांतरात ‘प्राइम’ हा शब्द आला आणि रुळला.

भारतीय परंपरा आणि फराइजचे गणित

संस्कृत गणितात मूळ संख्यांचा स्वतंत्र सिद्धांत उभा राहिला नाही, मात्र तिच्या शेजारची एक कल्पना फार प्रगत होती. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) कुट्टक गणितासाठी भाज्य आणि हर यांना त्यांच्या सामाईक विभाजकाने भागून घेतात. त्यानंतर उरलेल्या संख्यांना ‘दृढ’ म्हणतात. दृढ म्हणजे परस्परांत १ वाचून सामाईक विभाजक नसलेल्या, आजच्या भाषेत सहमूळ. १५८७ मध्ये अकबर बादशहाच्या आज्ञेवरून फैजी यांनी ‘लीलावती’चे फारसी भाषांतर केले. नारायण पंडितांच्या ‘गणितकौमुदी’त (१३५६) संख्येचे विभाजक शोधण्याच्या रीतीही आहेत.

हीच सहमूळतेची कल्पना इस्लामी वारसाहक्काच्या गणितात, म्हणजे इल्म-ए-फराइजमध्ये, रोजच्या वापरात होती. तेथे दोन संख्यांचे चार संबंध शिकवले जातात : तमासुल (दोन्ही समान), तदाखुल (लहान संख्या मोठीला पूर्ण मापते), तवाफुक (तिसरी संख्या दोन्हींना मापते) आणि तबायुन (१ वाचून कोणीच दोन्हींना मापत नाही). मयताच्या मागे पत्नी आणि दोन मुली असतील, तर पत्नीचा हिस्सा १/८ आणि मुलींचा मिळून २/३. ८ आणि ३ यांत तबायुन आहे, म्हणून मालमत्तेचे ८ × ३ = २४ भाग धरतात. आईही हयात असेल तर तिचा १/६ येतो. ६ आणि ८ यांत तवाफुक आहे, दोघींना २ मापते, म्हणून ४८ भाग करावे लागत नाहीत, २४ च पुरतात. पत्नीला ३, मुलींना १६, आईला ४ भाग जाऊन १ भाग शिल्लक राहतो आणि तो पुढील हक्कदारांकडे जातो.

कुट्टक असो वा फराइज, व्यवहाराला जोडीचा गुण हवा होता : या दोन संख्यांत सामाईक काही आहे का? एकट्या संख्येविषयी ‘ही कशापासून घडली?’ असा प्रश्न व्यवहार विचारत नाही. तो सिद्धांताचा प्रश्न आहे. दर्स-ए-निझामीत नसीरुद्दीन तूसी यांचे ‘तहरीर उक्लिदस’ होते, परंतु त्याचा पहिलाच मकाला, म्हणजे भूमितीचा भाग, नेमलेला असे. ‘अव्वल’ची व्याख्या सातव्या मकाल्यात येते. त्यामुळे युक्लिडचे नाव ज्ञात, तबायुन तोंडपाठ, पण ‘अदद-ए-अव्वल’ मात्र अभ्यासक्रमाबाहेर, अशी स्थिती राहिली. तूसी यांच्याच संस्करणावरून जयपूरच्या सवाई जयसिंगांच्या दरबारी जगन्नाथ सम्राट यांनी अठराव्या शतकात ‘रेखागणित’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला, हेही येथे नोंदवण्यासारखे आहे.

एकचा प्रश्न

आता मघाच्या शंकेकडे वळू. ग्रीकांनी एकक संख्येबाहेर ठेवले होते तोवर प्रश्न नव्हता. १५८५ मध्ये सायमन स्टेव्हिन यांनी एक ही देखील संख्याच आहे असा आग्रह धरला, आणि हळूहळू ते सर्वमान्य झाले. मग जुनी व्याख्या नव्या एकला लावताच तो मूळ ठरू लागला. १७४२ मध्ये गोल्डबाख यांनी ऑयलर यांना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात १ हा मूळ धरला आहे. १९०८ मध्ये निघालेल्या हार्डी यांच्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मूळ संख्यांची यादी १ पासून सुरू होते. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डी. एन. लेहमर यांच्या सारणीतही १ आहे. तेव्हा ‘सर, १ मूळ का नाही?’ असे विचारणारा विद्यार्थी अडाणी नाही. तो मोठ्या गणितज्ञांच्या पंगतीत बसलेला आहे.

उत्तराची दिशा गाउस यांच्या १८०१ च्या ग्रंथाने स्पष्ट झाली. प्रत्येक संयुक्त संख्या मूळ अवयवांच्या गुणाकारात एकाच प्रकारे मांडता येते, हे त्यांनी सिद्ध केले. १२ म्हणजे २ × २ × ३. अवयवांचा क्रम बदलेल, अवयव बदलणार नाहीत. १ ला मूळ मानले तर १ × २ × २ × ३, १ × १ × २ × २ × ३ अशा हव्या तितक्या मांडण्या होतील आणि सिद्धांतातील ‘एकाच प्रकारे’ हे शब्द खोटे पडतील. म्हणून १ ला वगळले जाते. हा केवळ सोयीचा संकेत नाही. १ ने गुणून कोणतीही नवी संख्या निर्माण होत नाही. बेरजेच्या जगात सर्व संख्या एककापासून होतात. गुणाकाराच्या जगात एककापासून काहीच होत नाही, तेथे उत्पत्ती मूळ संख्यांपासून होते. ‘पहिली’ याचा अर्थ गुणाकाराच्या जगातील पहिली. ज्यापासून काही निघत नाही ते मूळ कसे असेल?

कोणते नाव काय शिकवते?

आता पाच नावांकडे पुन्हा पाहू. ‘अभाज्य’ आणि ‘अविभाज्य’ हे शब्द कसोटी सांगतात : भाग जातो का ते पाहा. ही कसोटी लावायला सोपी आहे. पण शब्दशः घेतले तर १ हाही अभाज्यच वाटतो, आणि ही संख्या महत्त्वाची का हे त्या शब्दातून कळत नाही. ‘मुफरद’ हा शब्द ‘मुरक्कब’च्या समोर नेमका बसतो. व्याकरण आणि मन्तिक शिकलेल्याला ही जोडी आधीच परिचित असते : सुटा शब्द मुफरद, जोडलेला मुरक्कब. रशियन भाषेतही या संख्यांना ‘साधी संख्या’ असेच म्हणतात. हैदराबादेत १९१७ मध्ये दारुल तर्जुमा स्थापन झाले आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ. तेथे उर्दूतून उच्च गणित शिकवण्यासाठी अशा संज्ञा स्थिर कराव्या लागल्या. ‘प्रधान’ हा शब्द ‘प्राइम’च्या आजच्या इंग्रजी छटेजवळ जातो. मात्र सांख्य दर्शनात ‘प्रधान’ हे मूलप्रकृतीचे नाव आहे हे लक्षात घेतले, तर तोही शब्द उत्पत्तीकडेच बोट दाखवतो.

आपला ‘मूळ’ हा शब्द, आणि बंगालीतील ‘मौलिक’, निकोमाकसने दिलेल्या कारणाच्या सर्वांत जवळ आहेत. या संख्या इतरांचे मूळ आहेत, म्हणूनच त्या पहिल्या, असे त्याचे म्हणणे होते. ‘अव्वल’ आणि ‘प्रिमुस’ यांनी त्या विधानाचा निष्कर्ष घेतला. मराठीने त्याचे कारणच नावात ठेवले. मराठी नावात एक धोका मात्र आहे. ‘वर्गमूळ’ आणि समीकरणाचे ‘मूळ’ यांच्यामुळे नवख्या विद्यार्थ्याची गल्लत होते. तेथील ‘मूळ’ हे एका विशिष्ट संख्येचे किंवा समीकरणाचे असते, येथील ‘मूळ’ हे सर्व संख्यांचे आहे, असा भेद पहिल्याच तासाला सांगून टाकावा.

अध्यापकांनी व्याख्या सांगण्याआधी वर्गातील सर्व माध्यमांची नावे फळ्यावर लिहून घ्यावीत आणि प्रत्येक नावाचा अर्थ विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावा. बारा आणि सात चिंचोके मांडून दाखवावेत. त्यानंतर १२, ३० आणि १०० यांचे मूळ अवयव पाडायला सांगून ‘यात १ का लिहिला नाही?’ असे विचारावे. ज्या वर्गात फराइजची माहिती असलेले विद्यार्थी असतील, तेथे तबायुनचे उदाहरण जरूर द्यावे. मदरशात शिकलेले गणित आणि महाविद्यालयातील गणित ही दोन वेगळी गणिते नाहीत, हे त्या विद्यार्थ्याला शंभर व्याख्यानांपेक्षा त्या एका उदाहरणातून अधिक उमजेल.

अथेन्स, अलेक्झांड्रिया, जेराश, बगदाद आणि तोलेदो इतक्या ठिकाणचा प्रवास करून आलेली ही संज्ञा आपल्या वर्गात रोज उच्चारली जाते. ती कोणत्याही एका समाजाची मालमत्ता नाही. प्रत्येक भाषेने ती घेताना तिचा अर्थ स्वतः विचार करून ठरवला, म्हणूनच तिला इतकी नावे मिळाली. आपल्या विद्यार्थ्याने व्याख्या पाठ करण्यापूर्वी तेवढाच विचार एकदा करावा, इतकी अपेक्षा अध्यापकाने ठेवणे वाजवी आहे.